साडेसात ते आठ

काकू: मग आवाज कसा नाही झाला?

काका: कसला आवाज?

काकू: रॅक पडल्याचा. लोखंडी रॅक, त्यावर शंभर-सव्वाशे कॅसेटी, आणि मी इथे चार पावलांवर स्वयंपाकघरात. चमचा पडला तरी मला ऐकू येतं.

काका: तू मिक्सर लावला असशील.

काकू: मिक्सर मंगळवारपासून बंद आहे. तुम्हीच उघडलाय. त्याची आतडी अजून जेवणाच्या टेबलावर पडलीयेत.

काका: मग हळूहळू पडलं असेल. आधी कललं, मग बसलं.

काकू: बसलं. दमलं असेल बिचारं.

काका: तू थट्टा कर. मी इथे आत अडकलोय. आणि दार ढकलू नकोस हं. हे दार आत उघडतं. तू ढकललंस की दाराला लागलेल्या सगळ्या फुटतात. जुन्या आहेत, पहिल्या तीनशेतल्या.

काकू: ढकलत नाहीये. चार बोटं फट आहे, तेवढ्यातून बोलतेय. दहा वाजता आत गेलात, आता दोन वाजून गेले. जेवणानंतरची गोळी घेतलीत?

काका: घेतली.

काकू: जेवलात कधी?

काका: आत बिस्किटं होती.

काकू: आणि पाणी?

काका: पाणी नव्हतं.

काकू: थांबा. उभा पेला जाईल फटीतून. हात सरळ धरा. सांडू नका, नाहीतर म्हणाल माझ्यामुळे कॅसेटींना ओल लागली.

काका: दे. थोडा वर. हां, मिळाला.

काकू: अहो.

काका: काय?

काकू: मला इथून दिसतंय. दोनशे एक, दोनशे दोन, दोनशे तीन.

काका: मग?

काकू: पडलेल्या कॅसेटी नंबराप्रमाणे पडतात? लेबलं बाहेरच्या बाजूला करून? तुम्ही एकेक काढून रचल्यात दाराशी. भिंत बांधलीत. आणि बांधतानासुद्धा क्रम चुकू दिला नाहीत. मागे ते रॅक आणि ती ट्रंक पण ओढलीत. एकाहत्तर वर्षांचे आहात तुम्ही. कंबर धरून बसलात तर कोण उचलणार?

काका: मी बसलोय स्टुलावर. कंबर ठीक आहे.

काकू: चार वाजता त्यांची गाडी येणार आहे.

काका: माहीत आहे.

काकू: तीन महिन्यांपूर्वी सही केलीत. त्यांच्या साहेबांसमोर, आपल्याच पेनाने. मी चहा दिला होता. अकराशे बेचाळीस कॅसेटी संग्रहालयाला, आणि भिंतीवर तुमच्या नावाची पाटी. आठवतंय ना?

काका: आठवतंय.

काकू: मग आता जीव अडकला का? सांगा तसं. मी रागावणार नाही. पण ही खोली मला हवीये हो. खिडकीवरचं प्लायवूड काढणार आहे मी. ऊन काय असतं ते त्या खोलीला माहीतच नाही. आपण दोघं इतकी वर्षं बाहेरच्या खोलीत झोपतोय आणि कॅसेटींना थंड हवेचं मशीन.

काका: द्यायच्याच आहेत. मी काही मागे फिरलेलो नाही.

काकू: मग ही भिंत कशाला?

काका: मला वेळ हवाय. तू त्यांना फोन कर आणि पुढच्या महिन्यात या म्हणून सांग. सांग, काकांना ताप आलाय.

काकू: ताप आलेल्या माणसाला बाहेर काढतात, कोंडत नाहीत. काय झालंय ते आधी सांगा.

काका: तीनशे सत्तेचाळीस.

काकू: काय त्याचं?

काका: तो नाहीये.

काकू: चोरीला गेला?

काका: कॅसेट आहे. लेबल आहे, माझ्या अक्षरातलं. 'पोस्टमास्तर, भाग सव्वीस, शेवटचा.' पण आत तो नाहीये. आज सकाळी लावली. म्हटलं, आता जाणारच आहे तर एकदा बघून घ्यावी. अठ्ठावीस वर्षांत एकदाही लावली नव्हती.

काकू: एकदाही नाही.

काका: असली कॅसेट लावायची नसते. दर वेळी हेड घासतं आणि चित्र झिजतं. ती ठेवायची असते.

काकू: हो. ठेवायची असते.

काका: तर लावली. आणि समोर एक बाई. मोठं कुंकू, हातात सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा. दोन सुलट, दोन उलट, आणि म्हणे आता गळ्याकडे टाके कमी करत या. मला वाटलं मी चुकून दुसरी लावली. काढून बघितली. तीनशे सत्तेचाळीसच. ऐकतेस ना?

काकू: ऐकतेय.

काका: तुला कळतंय का मी काय म्हणतोय? टीव्ही केंद्राने त्या काळी सगळं पुसलं. टेपा महाग, म्हणून त्याच त्याच वापरायचे. पोस्टमास्तर मालिकेचे पंचवीस भाग या संग्रहालयवाल्यांना इकडून तिकडून मिळाले. सव्विसावा कुणाकडे नाही, फक्त माझ्याकडे. त्यांनी माझ्याशी ओळख वाढवली ती त्याच्यासाठी. बाकीच्या अकराशे मी त्यांच्या गळ्यात मारल्यात. रविवारी मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. पोस्टमास्तरचं काम केलेला माणूस चाकाच्या खुर्चीतून येणार आहे. आणि पडद्यावर काय येणार, तर विणकाम.

काकू: त्यांना सांगून टाका, खराब झाली म्हणून. जुन्या कॅसेटींना बुरशी लागतेच.

काका: कुठेतरी असेल गं. मी कव्हरांची अदलाबदल केली असेन. म्हणून एकेक लावून बघतोय. बासष्ट झाल्या. बघून झाल्या त्या दाराशी रचल्या. म्हटलं, दोन्ही कामं होतील.

काकू: अकराशे बेचाळीस बघणार?

काका: बघीन. रोज थोड्या थोड्या बघितल्या तर महिना लागेल.

काकू: नाही सापडणार.

काका: असं नको बोलूस. तुला माझी भीती कळत नाहीये. मला तो भाग गेला याचं दुःख आहेच. पण त्याहून एक गोष्ट सकाळपासून डोक्यात घुमतेय. त्या कॅसेटच्या पाठीवरचा दात मी स्वतः मोडला होता. दात मोडला की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. आज बघतो तर तिथे चिकटपट्टी लावलेली. नीट, चौकोनी कापून, म्हणजे त्यावर परत भरता येतं. हे असं करायचं मला माहीत होतं. म्हणजे मीच केलं. मीच कधीतरी पट्टी लावली, विणकाम भरलं, आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही.

काकू: तुम्ही नाही केलंत.

काका: बाबांचं असंच सुरू झालं होतं. चष्मा फ्रिजमध्ये, किल्ल्या पिठाच्या डब्यात. शेवटी मला काका म्हणायला लागले. माझं डोकं चाललंय गं. आणि तुला कळू नये म्हणून मी दार लावून बसलोय.

काकू: असलं काही बोलू नका. तुम्ही नाही केलंत.

काका: कशावरून?

काकू: तुमची ड्यूटी दोन ते दहा. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसरी पाळी. दुपारी तुम्ही घरी असायचात कधी?

काका: रविवारी असायचो.

काकू: रविवारी विणकाम नसायचं. बुधवारी असायचं. बुधवारी, तीन वाजता.

काका: तुला कसं माहीत?

(दारावरची बेल वाजते.)

काका: कोण आहे? सांगू नकोस काही. ताप म्हण.

काकू: या. या आत. चारला येणार होता ना तुम्ही?

संग्रहालयवाली: हो काकू, सॉरी, जरा लवकरच आलो. रस्ता मोकळा मिळाला. गाडी खाली आहे, दोन माणसं आणि चाळीस खोके. काका कुठे आहेत?

काकू: आत.

संग्रहालयवाली: कॅसेटींच्या खोलीत? शेवटचा हात फिरवताहेत वाटतं. काका, नमस्कार. मी आलेय.

काका: नमस्कार. मला ताप आहे.

संग्रहालयवाली: अरे बापरे. दाराआडून का बोलताय?

काका: तुम्हाला लागू नये म्हणून.

संग्रहालयवाली: आम्ही काहीही हलवणार नाही तुमच्याशिवाय, काळजी करू नका. यादीप्रमाणे एकेक टिक करून घ्यायचंय. फक्त एक विनंती होती. तीनशे सत्तेचाळीस आजच माझ्या हातात दिलीत तर बरं. तिची कॉपी उद्या सकाळी करायला टाकायची आहे. रविवारसाठी दोनशे खुर्च्या भरल्यात, अजून फोन येताहेत. पोस्टमास्तर आजोबा तर म्हणाले, मी स्वतः तो भाग कधी पाहिलेलाच नाही, त्या संध्याकाळी माझा नाटकाचा प्रयोग होता.

काका: पुढच्या महिन्यात करा.

संग्रहालयवाली: काका, आजोबा नव्वदीचे आहेत.

काका: मग दुसरा कुठलातरी भाग दाखवा. एकोणिसावा चांगला आहे. त्यात पूर येतो.

संग्रहालयवाली: काही अडचण आहे का? काकू, काय झालंय?

काकू: तुम्ही बसा. त्या खुर्चीवरचा स्क्रू ड्रायव्हर बाजूला करा आणि बसा.

संग्रहालयवाली: मी खाली थांबू का? घरातलं काही असेल तर...

काकू: नको. बसा. हे मी एकटीने यांच्याशी बोलायला गेले तर परत जीभ आत जाईल. अठ्ठावीस वर्षं जातेच आहे. कुणीतरी समोर असलेलं बरं. अहो, ऐकताय?

काका: त्यांना काही सांगू नकोस.

काकू: त्यांना नाही, तुम्हाला सांगतेय. ती पट्टी मी लावली.

काका: कुठली?

काकू: तीनशे सत्तेचाळीसच्या दातावरची. विणकाम मी भरलं. तुमचं डोकं शाबूत आहे. उद्यापासून परत माझं खाईल.

संग्रहालयवाली: म्हणजे... शेवटचा भाग?

काकू: पुसला. मी. अहो. बसलाय ना स्टुलावर?

काका: तुला येत होतं पट्टी लावायला?

काकू: तुम्हीच शिकवलंत. तुमच्या अकराशे कॅसेटींपैकी आठशे तरी मी भरल्यात. संध्याकाळी सगळे कार्यक्रम, आणि संध्याकाळी तुम्ही एक्स्चेंजमध्ये. आपोआप लागायची सोय होती त्या मशीनला, पण दिवे गेले की घड्याळ विसरायचं. म्हणून मी. रोज सात वाजता तुमचा फोन. कॅसेट घातलीस का, नंबर कुठला घातलास, आवाज ठीक आहे का. मग बटण दाबायचं, जाहिराती आल्या की पॉज, जाहिराती संपल्या की परत चालू. एक जाहिरात आत आली तर तुमचं तोंड दोन दिवस सुजलेलं.

संग्रहालयवाली: पण रजिस्टरमध्ये तर सगळीकडे काकांचं...

काकू: रजिस्टर यांचं आहे. बोट माझं.

काका: मी कधी जबरदस्ती केली नाही.

काकू: नाही केलीत. नुसता फोन केलात. एकोणीस वर्षं मी साडेसातला या घराबाहेर नव्हते. मैत्रिणी विचारायच्या, तुझ्याकडे संध्याकाळी असतं तरी काय? काय सांगणार, बोट असतं म्हणून?

काका: मग एक कॅसेट तुझ्यासाठी हवी होती तर मागायचीस. कोरी दिली असती.

काकू: मागितली होती. म्हटलं, बुधवारचं विणकाम एकदाच बघून हातात बसत नाही, मला एक कॅसेट द्या. तुम्ही म्हणालात, नवीन पाकीट आलं की देतो. पाकीट आलं. दहाच्या दहा नंबर घालून तुमच्याच कपाटात गेल्या. घरात तेव्हा साडेतीनशे कॅसेटी, आणि त्यात माझी एक नाही.

काका: म्हणून तू त्यातली एक घेतलीस. ते समजू शकतो. समजतंय मला. पण तुला हीच कशी मिळाली गं? शेजारी ते क्रिकेटचे सामने होते, कुणी विचारलं नसतं. क्विझ होती. हात घातलास आणि नेमकी हीच आली?

काकू: हात नाही घातला. स्टुलावर चढून शोधून काढली.

काका: काय?

काकू: त्या वेळी ती वरच्या फळीवर होती. स्टूल आणलं, चष्मा लावला, लेबल वाचलं, आणि काढली.

काका: का?

काकू: तो भाग कधी लागला होता?

काका: अठ्ठावीस तारखेला. गुरुवारी. साडेसात ते आठ.

काकू: सगळ्या तारखा पाठ आहेत यांना, मॅडम. कधीही विचारा. त्या तारखेला आणखी काय झालं?

काका: आणखी काय? शेवटचा भाग होता. पोस्टमास्तर निवृत्त होतो, ते पत्र...

काकू: आणखी काय झालं? आई दवाखान्यात होती. माझी. चौथा दिवस. भेटायची वेळ सात ते आठ, एकच तास. तीन दिवस भाऊ जात होता, त्या दिवशी मला जायचं होतं. साडी बदलून तयार होते. सात वाजता तुमचा फोन आला.

काका: मी काय म्हणालो?

काकू: मी विचारलं, आज जाऊन येऊ का? तुम्ही म्हणालात, आज शेवटचा भाग आहे गं. उद्या जा.

काका: मी असं म्हणालो?

काकू: चांगल्या शब्दांत म्हणालात. आवाजात राग नव्हता. म्हणालात, उद्या सुट्टी टाकतो, दोघं जाऊ.

काका: मला आठवत नाही.

काकू: मला आठवतं. मी बसले. बटण दाबलं. जाहिराती तीनदा आल्या, तीनदा पॉज केलं. आठ वाजता पाट्या सरकल्या, मशीन बंद केलं. आठ वाजून दहा मिनिटांनी भावाचा फोन.

संग्रहालयवाली: काकू...

काकू: थांबा, अजून थोडं आहे. यांना एक्स्चेंजमध्ये फोन केला, हे नऊ वाजता आले. भाऊ खाली गाडी घेऊन उभा. हे घरात शिरले, माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवला, खोटं नाही बोलणार. मग मशीनमधून कॅसेट काढली, पेनाच्या टोपणाने दात मोडला, लेबल लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली, आणि मग चप्पल घातली.

काका: दोन मिनिटांचं काम होतं ते.

काकू: हो. दोन मिनिटांचंच.

काका: मला काय माहीत होतं आई रात्र काढणार नाहीत ते? तू म्हणाली असतीस, आईचं जास्त आहे...

काकू: मलाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर विचारलं नसतं तुम्हाला, गेले असते. तेच तर खातंय मला. मला कुणी बांधलं नव्हतं. दार उघडं होतं, रिक्षा कोपऱ्यावर होती. मी विचारलं कशाला? आणि तुम्ही नको म्हटल्यावर बसले कशाला? तुमच्यावरचा राग पंधरा दिवसांत उतरला असता. स्वतःवरचा कुठे उतरवणार? दीड महिन्याने एका बुधवारी स्टूल घेतलं आणि तो तुमच्या पोस्टमास्तरवर काढला.

काका: पुसलंस ते पुसलंस. पण अठ्ठावीस वर्षं सांगितलं का नाहीस?

काकू: सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता.

काका: रडलो असतो तर रडलो असतो.

काकू: भागासाठी रडला असता हो. आणि मला ते इथे, याच खोलीत उभं राहून बघावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं. तुमचं ते पुसणारं केंद्र, त्यांना तुम्ही किती शिव्या दिल्यात या घरात. मी पोळ्या लाटत ऐकत होते. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि दर वेळी वाटायचं, ते आधी विचारतील, सगळा गेला की थोडा राहिला. तेच येत होतं ना तोंडावर?

काका: हो.

काकू: बघा.

संग्रहालयवाली: काकू, रागावू नका, मला कामाचं विचारावंच लागेल. विणकामाचा कार्यक्रम किती मिनिटांचा होता?

काकू: पंधरा-सोळा.

संग्रहालयवाली: आणि जाहिराती काढून भाग बावीस मिनिटांचा. म्हणजे शेवटी काहीतरी...

काका: थांबा, लावून पुढे पळवतो. हां, सहा मिनिटं आहेत. सकाळी त्या बाईला बघूनच काढली होती मी. ती बाई नमस्कार करते, चित्रावर मुंग्या येतात, आणि मधूनच पोस्टमास्तर सुरू होतो. थैली खांद्यावरून उतरवतो तिथून शेवटपर्यंत.

संग्रहालयवाली: सहा मिनिटं तरी आहेत. आजोबांना तेवढी दाखवता येतील. आणि खरं सांगू? ते दुपारचे बायकांचे कार्यक्रम कुणीच ठेवले नाहीत. आमच्याकडे एकही नाही. विणकामाचा तर नाहीच.

काकू: कोण ठेवणार? ठेवणाऱ्या बायका समोर सुया घेऊन बसल्या होत्या.

संग्रहालयवाली: रविवारी मी काय सांगू लोकांना? काका, तुम्ही म्हणाल ते सांगते. टेप खराब निघाली म्हणू?

काका: थांबा हो जरा. रविवार राहू दे बाजूला. अगं, ऐक.

काकू: ऐकतेय.

काका: दार ढकल.

काकू: काय?

काका: ढकल म्हणतोय. मी इकडून रॅक ओढून बघितलं आत्ता, हलत नाही. ट्रंकेत आणि भिंतीत पक्कं बसलंय. त्यांची दोन माणसं वर बोलाव आणि ढकला एकदाचं. मला बाहेर यायचंय.

संग्रहालयवाली: काका, दाराला लागून कॅसेटी आहेत ना? जुनं प्लास्टिक आहे, चुरा होईल.

काका: होऊ दे.

संग्रहालयवाली: त्यातल्या कितीतरी आता फक्त तुमच्याकडेच...

काका: मला माहीत आहे कुठल्या कुठल्या आहेत. मीच रचल्यात. होऊ दे म्हटलं ना. ती बाहेर उभी आहे आणि मला तिचं तोंड दिसत नाहीये. चार बोटांतून नुसती साडी दिसते.

काकू: कुणी ढकलायचं नाही.

काका: अगं, मी सांगतोय.

काकू: तुम्ही सांगताय म्हणून काय झालं? दोनशे एक ते दोनशे बासष्ट. पावसाळ्यातले चार महिने आहेत ते. दिवे जायचे आणि मी मेणबत्ती घेऊन मशीनपाशी बसायचे, आले की लगेच लावायला. त्यातली एकही तुम्ही भरलेली नाही. माझं काम मोडायला लोकांची माणसं बोलावताय?

काका: मग काय करू? महिनाभर राहू आत?

काकू: फटीतून कॅसेट येते. आडवी धरा. एकेक द्या इकडे. तेवढ्या निघाल्या की दार हातभर उघडेल, मग रॅक दोन्हीकडून धरू. मॅडम, तुम्ही खोका आणा एक. आणि यादी घ्या हातात.

संग्रहालयवाली: आणते. ती तीनशे सत्तेचाळीस पण यादीत टिक करू?

काकू: तिचं नंतर बघू. यांच्या आत अजून पुरतं पोचलेलं नाही.

काका: पोचलंय.

काकू: पहिली द्या.

काका: दोनशे एक. घे. धरलीस?

काकू: धरली. खोक्यात ठेवा, मॅडम. पुढची.

काका: दोनशे दोन. हिचं कव्हर सैल आहे, खालून हात लाव.

काकू: माहीत आहे. मीच पाडली होती ती.

काका: दोनशे तीन.

काकू: हळू. बोट अडकेल. तुमच्या हाताला काय लागलंय? रक्त आहे का ते?

काका: रॅकचा पत्रा लागला. काही नाही. दोनशे चार.

काकू: बाहेर आलात की धुवा. द्या.

काका: त्या दिवशी सकाळी तू गेली होतीस ना आईंकडे?

काकू: गेले होते. डबा घेऊन. सकाळी डबा आत नेऊ द्यायचे, पाच मिनिटं.

काका: हे मी तुला कधी विचारलंच नाही. बोलल्या का काही?

काकू: दोनशे पाच द्या.

काका: ही घे. बोलल्या?

काकू: बोलली. उशी वर करून मागितली. पंखा कमी करायला लावला. भात कच्चा आहे म्हणाली. आणि मी निघाले तेव्हा विचारलंन, संध्याकाळी येशील ना?

काका: मग तू काय म्हणालीस?

काकू: येते म्हणाले.